साप चावल्यावर पाय बांधायचा का? माझ्याच लेखातली एक न दिसणारी चूक

“डॉक्टर, साप चावला तर वरच्या बाजूला दोरी घट्ट बांधायची ना? तुमच्याच लेखात आहे.”

बाजाराचा दिवस होता, ओपीडी भरलेली होती. विचारणारा तरुण विशीतला असेल. आईचं बीपी तपासायला तो आला होता. आईने त्याचा हात धरला होता आणि त्याच्या खिशात आईची जुनी फाइल होती. त्याला लहानपणापासून दिसत नाही.

मी जरा चिडूनच म्हणालो, “अजिबात नाही. मी बरोब्बर उलट लिहिलंय. दोरी बांधू नका, असं लिहिलंय.”

“मग मला उलट कसं ऐकू आलं?” असं म्हणत त्याने फोन काढला. त्याचा फोन बोलतो. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारी सोय आजच्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. त्याने माझा सर्पदंशावरचा लेख उघडला आणि आवाज मोठा केला. फोन वाचू लागला: “रुग्णाला धीर देणे. चावलेला हात किंवा पाय न हलवणे. अंगठी, बांगड्या, पैंजण काढणे. ताबडतोब दवाखान्यात नेणे.” मग मध्येच तो फक्त “चित्र” एवढंच म्हणाला आणि त्याच सुरात पुढे वाचत राहिला: “चावलेल्या जागेच्या वर दोरी घट्ट बांधणे. जखमेवर ब्लेडने चिरा देणे. तोंडाने विष ओढणे.”

ओपीडीत बसलेले चार-पाच लोक ऐकत होते. त्यातल्या एका आजोबांनी मान डोलावली, “बरोबर आहे, आम्ही पण असंच करायचो.”

मला घाम फुटला. लेखातलं एकही वाक्य मी चुकीचं लिहिलं नव्हतं. तरीही माझा लेख लोकांना चुकीचा उपचार सांगत होता.

## चूक नेमकी कुठे होती?

पडद्यावर बघितलं तर लेख छान दिसत होता. वर हिरवी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हे करा’. खाली लाल पट्टी, त्यावर ‘हे करू नका’. प्रत्येक पट्टीखाली चार-पाच मुद्दे. डोळ्यांनी बघणाऱ्याचा गोंधळ होण्याचं काही कारणच नव्हतं.

पण त्या दोन्ही पट्ट्या म्हणजे चित्रं होती. ‘हे करू नका’ ही अक्षरं मजकूर नव्हती, चित्रात रंगवलेली होती. फोनच्या दृष्टीने तिथे एक चित्र आहे, एवढीच माहिती होती. त्या चित्राचं वर्णनही मी लिहिलेलं नव्हतं. शिवाय मुद्दे लिहिताना मी ‘बांधणे’, ‘चिरा देणे’ असे लिहिले होते. त्यांचा नकार पूर्णपणे त्या लाल पट्टीवर अवलंबून होता. पट्टी गेली की नकारही गेला.

सर्पदंश हा आपल्याकडे गप्पांचा विषय नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यापाड्यांत होतात. लासूर स्टेशनच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर रात्री कांद्याला पाणी द्यायला जाणारा प्रत्येक माणूस या धोक्यात असतो. अशा विषयावर ‘करा’ आणि ‘करू नका’ यांची अदलाबदल होणं म्हणजे प्रिस्क्रिप्शनवर चुकीचं औषध लिहिण्यासारखंच आहे.

म्हणून आज आजाराबद्दल न लिहिता आजाराची माहिती पानावर कशी मांडली जाते याबद्दल लिहितो आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आरोग्याच्या लेखाची मांडणी ही सजावट नसून उपचाराचा भाग आहे. ती चुकली तर जबाबदारी लिहिणाऱ्या डॉक्टरची आहे.

## १-०-१ मधली रेघ

तुम्हाला प्रिस्क्रिप्शनवर १-०-१ लिहिलेलं ओळखीचं आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. यात ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ हे शब्द कुठेच नाहीत. पण पहिली जागा सकाळची, मधली दुपारची, शेवटची रात्रीची, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे नुसत्या आकड्यांना अर्थ नाही, अर्थ त्यांच्या जागेत आहे आणि ती जागा मधल्या रेघा दाखवतात. त्या रेघा पुसल्या तर उरतं १०१. गोळ्या एकशे एक!

इंटरनेटवरच्या पानाचंही असंच असतं. आपल्याला दिसतं त्या पानामागे आणखी एक पान असतं, ते एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहिलेलं असतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या आसपास ही भाषा तयार केली. तिच्यात प्रत्येक मजकुराभोवती खुणा असतात: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता. या खुणा मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे सांगतात. त्यांनाच सिमँटिक मार्कअप, म्हणजे अर्थ सांगणाऱ्या खुणा म्हणतात.

मथळ्यांच्या सहा पायऱ्या आहेत, एच-१ ते एच-६. एच-१ म्हणजे लेखाचं नाव. एच-२ म्हणजे त्यातले मोठे भाग. एच-३ म्हणजे त्या भागांचे पोटभाग. पुस्तकाचं नाव, प्रकरण, उपप्रकरण असतं तसंच. २०१४ साली पक्क्या झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये आणखी काही खुणा आल्या: पानाचा माथा कुठला, मेनू कुठला, मुख्य मजकूर कुठून सुरू होतो, तळाची पट्टी कुठली. बोलणारा फोन किंवा कॉम्प्युटर या खुणा वाचतो आणि ऐकणाऱ्याला पानाचा नकाशा देतो.

## ठळक अक्षर म्हणजे मथळा नव्हे

इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. लेख लिहिताना आपण ओळ निवडतो, ‘बी’चं बटण दाबून ती ठळक करतो, आकार वाढवतो, रंग देतो. दिसायला ती मथळा होते. पण मागच्या पानावर ती साधी ओळच राहते, जरा जाड झालेली.

आपल्या स्टेशनचंच उदाहरण घ्या. संभाजीनगरहून मनमाडकडे निघालात की दौलताबाद, पोटूळ आणि मग लासूर लागतं. प्लॅटफॉर्मवर पिवळी पाटी असते आणि वेळापत्रकात लासूरचं नाव असतं. रुळाच्या कडेला एखाद्या हॉटेलचा फलक त्या पिवळ्या पाटीपेक्षा दुप्पट मोठा असला, तरी तिथे गाडी थांबत नाही, कारण वेळापत्रकात त्याचं नाव नाही. ठळक केलेली ओळ म्हणजे तो फलक आणि खरा मथळा म्हणजे वेळापत्रकात नोंद असलेलं स्टेशन.

डोळ्यांनी वाचणारा माणूस पानावरून नजर फिरवतो आणि हवं तिथे थांबतो. कानाने वाचणाऱ्याला नजर फिरवता येत नाही. तो एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो २००६ मध्ये सुरू केला. त्यात ‘एच’ची कळ दाबली की पुढचा मथळा ऐकू येतो. अँड्रॉइड फोनमधल्या टॉकबॅकमध्ये आणि आयफोनमधल्या व्हॉइसओव्हरमध्येही बोट फिरवून असंच करता येतं. लांबलचक पानावर माहिती कशी शोधता, असं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना विचारल्यावर बहुसंख्य लोक ‘मथळ्यांवरून’ असंच सांगतात, हे वेबएम या संस्थेच्या पाहण्यांमध्ये वारंवार दिसलं आहे.

माझ्या लेखात खरा मथळा एकच होता, लेखाचं नाव. म्हणजे गाडी सुटली की थेट शेवटच्या स्टेशनावर. मधली सगळी स्टेशनं नुसती रंगवलेली.

## दवाखान्यातल्या माहितीत हे जास्त का महत्त्वाचं?

सिनेमाच्या बातमीत मथळा नसला तर वाचणारा कंटाळेल, एवढंच. आरोग्याच्या माहितीत तीन गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली, क्रम. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्यायचं असेल तर हात धुणं, एक लिटर पिण्याचं पाणी मोजून घेणं, त्यात पूर्ण पाकीट टाकणं, ढवळणं आणि थोडं थोडं पाजणं हे ओळीने यावं लागतं. क्रमांकाच्या खऱ्या यादीत फोन आधी ‘यादी, पाच मुद्दे’ असं सांगतो. ऐकणाऱ्याला कळतं की पाच पायऱ्या आहेत आणि आपली कोणती चालू आहे. चित्रातल्या बाणांतून दाखवलेला क्रम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी, तक्ता. इन्सुलिनचे डोस, लसीकरणाचं वेळापत्रक, रिपोर्टमधले आकडे हे सगळं तक्त्यात असतं. खऱ्या तक्त्यात वरच्या रांगेला ‘हे स्तंभांचे मथळे आहेत’ अशी खूण असते. मग फोन ‘रात्री, दहा युनिट’ असं सांगतो. मोकळ्या जागा सोडून बनवलेल्या तक्त्यात नुसतं ‘सोळा, दहा’ ऐकू येतं. सकाळचा आणि रात्रीचा डोस उलटा गेला तर मध्यरात्री साखर उतरते. त्या घरावर काय ओढवतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरी, नकार. ‘हे करू नका’ हा वैद्यकीय सल्ल्याचा निम्मा भाग असतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. भाजल्यावर टूथपेस्ट लावू नका. तापात मुलाला गोधडीत गुंडाळू नका. हा नकार फक्त लाल रंगात, फुलीत किंवा चित्रात ठेवला तर तो अर्ध्या रस्त्यात सांडतो.

## मी काय बदललं?

एका रविवारी संध्याकाळी बसून मी तो लेख दुरुस्त केला. कॉम्प्युटरचं शिक्षण लागलं नाही. जे केलं ते इथे देतो, कारण तुमच्यापैकी काही जण शाळेची, ग्रामपंचायतीची, बचत गटाची पानं किंवा माहितीपत्रकं तयार करतात.

१. पट्ट्यांची चित्रं काढून टाकली. ‘हे करा’ आणि ‘हे करू नका’ हे मजकुरातच लिहिले आणि ‘बी’चं बटण न दाबता हेडिंगच्या मेनूतून निवडले. ब्लॉग लिहिण्याच्या प्रत्येक सोयीत आणि वर्डमध्येही असा मेनू असतो. रंग नंतर दिला. रंगाशी माझं भांडण नाही, फक्त अर्थ रंगावर टांगायचा नाही.

२. प्रत्येक मुद्द्यात नकार लिहिला. ‘दोरी बांधणे’ असं न लिहिता ‘दोरी बांधू नका’. कारण मथळा खरा असला तरी कुणी यादीच्या मध्येच येऊन पोचतो, कुणी एकच ओळ उचलून पुढे पाठवतो. ओळ एकटी पडली तरी तिचा अर्थ टिकला पाहिजे.

३. पायऱ्या नीट लावल्या. पूर्वी मी अक्षर बारीक दिसावं म्हणून एच-२ नंतर थेट एच-४ वापरला होता. ऐकणाऱ्याला वाटतं, मधलं काहीतरी निसटलं. आकारासाठी मथळा निवडायचा नाही, नात्यासाठी निवडायचा.

४. चित्रांना वर्णन लिहिलं. याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ‘फोटो १’ असं लिहून उपयोग नाही. ‘पायाला लाकडी फळी सैल बांधून आधार दिला आहे’ असं लिहिलं की न दिसणाऱ्यालाही ते दिसतं.

५. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद केली. ही नोंद इंग्रजी राहिली तर काही फोन देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातात आणि अडखळतात किंवा गप्प बसतात.

६. जुन्या फाइल्स तपासल्या. आपल्याकडे कित्येक वर्षं डीटीपीचे जुने फॉन्ट चालले. त्यात दिसतं मराठी, पण कॉम्प्युटरला आतमध्ये इंग्रजी अक्षरांचा भुसा मिळतो. असा मजकूर कुठलाही फोन वाचू शकत नाही. तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागला. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकांचंही तेच. ती कागदाची छायाचित्रं असतात, मजकूर नव्हे.

पुढच्या वेळी तो तरुण आला तेव्हा मी त्याला लेख पुन्हा उघडायला लावला. त्याने बोट फिरवलं. “मथळा, हे करू नका.” तो थांबला आणि म्हणाला, “आता पाटी लागली, डॉक्टर.”

## “पण असे वाचक आहेतच किती?”

हा प्रश्न मला माझ्याच एका डॉक्टर मित्राने विचारला. प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून उत्तर देतो.

एक तर, मोजणी कशी करणार? ज्यांना पान वाचता आलं नाही, ते परत येत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. माझ्याकडे एकाने विचारलं. न विचारता निघून गेलेले किती, हे मला कधीच कळणार नाही.

दुसरं, फायदा फक्त दृष्टिहीनांना होत नाही. मोतीबिंदू पिकलेले आजोबा अक्षर चौपट मोठं करून वाचतात. चित्रातलं अक्षर तेवढं ताणलं की फुटतं, खरा मजकूर फुटत नाही. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झालेल्यांची नजर दिवसागणिक बदलते. अक्षरओळख नसलेली आजी नातवाला फोन वाचायला लावते. शेतात नेटवर्क एका रेघेवर असताना मजकूर उघडतो आणि चित्रं अडकतात. त्या क्षणी डोळस माणूसही माझ्या त्या तरुणासारखाच असतो, त्यालाही लाल पट्टी दिसत नाही. आणि गूगलसारखी शोधयंत्रंही डोळ्यांनी वाचत नाहीत, तीही याच खुणांवरून पान कशाबद्दल आहे ते समजून घेतात.

तिसरं, “आता सगळे व्हिडिओच बघतात” असंही म्हटलं जातं. व्हिडिओ चांगलाच आहे. पण रात्री दोन वाजता मुलाला ताप चढलेला असताना बारा मिनिटांच्या व्हिडिओत ‘दवाखान्यात कधी न्यावं’ हे कुठे आहे ते कोण शोधणार? नीट मथळे असलेल्या पानावर ते दहा सेकंदांत सापडतं.

आणि “हे वेबसाइट बनवणाऱ्याचं काम आहे” हे म्हणणं मला पटत नाही. ‘दोरी बांधणे’ हा मुद्दा कोणत्या बाजूचा आहे हे डॉक्टरला माहीत असतं, वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला नाही. प्रिस्क्रिप्शन सुवाच्य लिहावं, औषधाचं नाव शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली स्पष्ट केलं गेलं. अक्षर वाईट असण्याचा दोष आपण केमिस्टवर ढकलत नाही. मग पानाचा दोष दुसऱ्यावर का ढकलावा?

एक कबुली मात्र देतो. मथळे म्हणजे जादू नव्हे. चुकीची माहिती नीट मथळ्यांत घातली तर ती चुकीचीच राहते, उलट जास्त विश्वासार्ह वाटते. आणि प्रत्येक दोन ओळींवर मथळा दिला तर गाडी प्रत्येक झाडापाशी थांबल्यासारखं होतं. मांडणी चांगल्या सल्ल्याची जागा घेत नाही, पण चांगला सल्ला तिच्याशिवाय पोचत नाही.

## कायदा काय म्हणतो?

ही मेहरबानी नाही, हक्क आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी असावी, अशी तरतूद आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुलभतेचे नियम नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातला किमान भाग सक्तीचा हवा. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

जगण्याचा हक्क हा शब्द मोठा वाटतो. पण सर्पदंशाच्या पानावर तो अगदी शब्दशः खरा आहे.

## तुम्ही काय करू शकता?

तुम्ही लेख लिहीत नसाल, तरी तुमच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत.

फोनवर वाचून दाखवण्याची परीक्षा घ्या. कुठलाही आरोग्याचा लेख किंवा पोस्टर दुसऱ्याला पाठवण्याआधी, तो फोनवरून एखाद्याला वाचून दाखवतो आहोत अशी कल्पना करा. रंग सांगायचा नाही, चित्र दाखवायचं नाही. तरीही ‘करा’ आणि ‘करू नका’ वेगळे कळतात का? कळत नसतील तर तो मजकूर धोक्याचा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर पाठवाल तेव्हा खाली दोन ओळी टाइप करा. पोस्टरमधली मुख्य गोष्ट साध्या शब्दांत. तुमच्या गटात ज्याला दिसत नाही किंवा ज्याचं चित्र उघडत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचेल.

आणि सांगा. माझ्या किंवा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या पानावर, दवाखान्याच्या कागदावर, डिस्चार्ज कार्डावर काही कळलं नाही तर “मलाच कळत नाही” असं म्हणून गप्प बसू नका. त्या तरुणाने विचारलं नसतं तर तो लेख आजही तसाच राहिला असता. या ब्लॉगवरचे बाकीचे जुने लेख मी एकेक करून दुरुस्त करतो आहे. त्यात कुठे पाटी नसलेलं स्टेशन सापडलं तर जरूर कळवा.

## जाता जाता: सर्पदंश झाला तर

लेख वाचून हा भागच लक्षात राहिला तरी चालेल. प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थ तोच राहील, याची या वेळी काळजी घेतली आहे.

### हे करा

- रुग्णाला धीर द्या आणि शांत झोपवा.
- चावलेला हात किंवा पाय फळीचा सैल आधार देऊन स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज येऊ शकते.
- १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशाची लस असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.
- रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचं सकाळी पोट दुखत असेल किंवा पापण्या जड झाल्या असतील, तर खूण दिसली नाही तरी मण्यार चावल्याची शंका घ्या आणि दवाखान्यात न्या.

### हे करू नका

- चावलेल्या जागेच्या वर दोरी किंवा फडकं घट्ट बांधू नका.
- जखमेवर ब्लेडने चिरा देऊ नका.
- तोंडाने विष ओढू नका.
- साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका.
- झाडपाल्यात किंवा मंत्रतंत्रात वेळ घालवू नका.